पेटीवर आजोबा

तलवाड्यात सगळे म्हणतात, आप्पा नेकनूरला इंग्रजी गाणं शिकायला गेलते. तसं काही नाही. एक तर ते इंग्रजी नव्हतं, इटलीचं आणि जर्मनीचं होतं. दुसरं म्हणजे मी शिकायला गेलोच नव्हतो. माझी शाळा तिसरीपर्यंतची, आणि तेवढ्यावर माझं आजवर काही अडलेलं नाही. मी गेलतो आमच्या व्याह्यांना पेटीवरून उठवायला. नेकनूरवाले त्यांच्या पद्धतीनं सगळीकडं सांगत फिरतीलच, म्हणून जे तिथं नव्हते त्यांच्यासाठी मी माझं लिहून ठेवतो.

माझी नात पल्लवी, माझ्या थोरल्याची मुलगी. पुण्यात वाढली, व्हायोलिन शिकली, पुढं परदेशात जाऊन तिनं बरोक नावाच्या जुन्या संगीताचा अभ्यास केला. परत आल्यावर तिनं ठरवलं, आपल्या जिल्ह्यातल्या वाजवणाऱ्यांना हे दाखवायचं. पाच दिवसांचा वर्ग आणि शेवटच्या दिवशी कार्यक्रम. जागा कुठली, तर नेकनूर. कावून नेकनूर? तर तिच्या आईचे वडील, नाना, तिथले. त्यांच्या संस्थेची शाळा, शाळेला हॉल आणि हॉलला पंखे. तलवाड्यात देवळाचा मंडप आहे आणि त्याला पंखा एकच. पण मंडपात सूर घुमतो, पंखा घुमत नाही, हे मी तिला फोनवर सांगितलं. ती हसली.

मग मोबाइलवर पत्रिका आली. चष्मा लावून, अक्षराला अक्षर जोडून मीच वाचली. खाली लिहिलं होतं, व्हायोलिन : पल्लवी. क्लॅरिनेट : शब्बीर. पेटी : आजोबा.

आता हे आजोबा कोण? मला ती आप्पा म्हणते. त्यांना नाना म्हणते. आजोबा म्हणून ती कोणालाच हाक मारत नाही. आणि अडचण अशी की पेटी आम्ही दोघंही वाजवतो. मी भजनी मंडळात, कानानं. ते बीडला मास्तरांकडं जाऊन, वही समोर ठेवून.

मी ठरवलं, आजोबा म्हणजे मीच. पोरगी रांगत होती तेव्हा उन्हाळ्यात तलवाड्याला यायची. मी तिला मांडीवर घेऊन तिचा तळहात भात्यावर ठेवायचो. वारा भरला की काळी चार दाबायचो. त्या सुराला ती रडायची थांबायची. तिचा पहिला सूर माझ्या पेटीचा. नानांनी काय दिलं? व्हायोलिन विकत घेऊन दिलं. दुकानापर्यंत कोणीही जाऊ शकतो.

तलवाडा ते मांजरसुंबा

दिवाळी होऊन ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर गेल्या होत्या. आमचं भजनी मंडळ दरवर्षी या दिवसांत अर्धं होतं. टाळवाले कोल्हापुराकडं, मृदंगवाला कर्नाटकात. उरलेल्यांनी विचारलं, "आप्पा, तुमी बी चालला व्हय? मग पेटी कोण धरील?" मी म्हटलं, "पेटी माझ्यासंगं चाललीय, धरायला न्हाईच काय."

जुन्या लुगड्यात पेटी बांधली. गेवराईच्या गाडीत कंडक्टरनं बोचक्याला हात लावून विचारलं, "बाबा, सीताफळं का?"

"पेटी हाय."

"मग खाली ठिवा."

"खाली न्हाई ठिवणार."

"तिचं तिकीट लागंल मग."

"फाड."

त्यानं फाडलं नाही, पण बीडपर्यंत पेटी माझ्या शेजारी खिडकीकडं बसून आली. माझा एक कुल्ला सीटवर, एक हवेत.

बीड सोडलं की रस्ता चढायला लागतो. आमच्याकडचं रान काळं, चिकट, पाय घातला की चप्पल मागं राहते. इकडं बालाघाटावर मुरूम, टोळ दगड आणि जागोजाग सीताफळीची झुडपं. मांजरसुंब्याला उतरून नेकनूरच्या गाडीची वाट पाहत एक सीताफळ घेतलं. हंगाम सरत आला होता तरी साखरेसारखं गोड. असल्या दगडातून असलं फळ यावं आणि आमच्या सोन्यासारख्या रानातून येऊ नये, हे मला बरं वाटलं नाही. नानांचं सगळंच असं आहे.

नेकनूर

मुलाकडचा व्याही दारात आला की त्याचा मान करायचा असतो. मी मनात तयारी करून गेलतो, की काहीतरी राहील आणि ते मी लक्षात ठेवीन. काही राहिलं नाही. पायावर पाणी, नवा टॉवेल, गादी, तक्क्या, चहाच्या आधी पाणी आणि पाण्याच्या आधी गूळ. व्याहीणबाईंनी पुरण घातलं होतं आणि येसरीची आमटी अशी, की दुसऱ्यांदा वाढताना मी नको म्हटलं नाही. नाना समोर मांडी घालून बसले. त्यांचा गुडघा वाजला नाही. माझा वाजतो. दातही त्यांचे सगळे स्वतःचे आहेत. पोळीचा काठ ते कराकरा खात होते आणि मी आमटीत बुडवत होतो.

"व्याही, पेटी कशाला आणली एवढ्या लांब?" त्यांनी विचारलं. "इथं आमची हाय की."

"असंल. मला माझीची सवय हाय."

"पल्लीनं पत्रिकेत आमचं नाव घातलंय, तुमी पायलं असंलच."

"नाव घातलं व्हय? मला तर आजोबा असं दिसलं."

"तेच की."

"व्हय, तेच."

व्याहीणबाईंनी तूप वाढलं.

वर्गाला तालुक्यातले संगीतशिक्षक, एकदोन कीर्तनकार, काही कॉलेजच्या मुली आणि नेकनूरचा बँडमास्तर शब्बीर असे लोक होते. शब्बीर वरातीत क्लॅरिनेट वाजवतो. माझ्या शेजारी बसला, कारण त्यानंही वही आणलेली नव्हती.

पल्लवीनं आधी शब्दच सांगितला. बरोक म्हणजे वेडावाकडा मोती. ज्यांना ते संगीत आवडलं नाही त्यांनी शिवी म्हणून हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. आपल्याकडं शिवशाही उभी राहायच्या थोडं आधी तिकडं हे सुरू झालं आणि पेशवाई ऐन भरात असताना संपलं. सुरुवात अशी झाली की आधी तिकडं चार-पाच आवाज एकदम गायचे, कोणाचे शब्द कोणाला कळायचे नाहीत. मग इटलीतल्या काही लोकांना वाटलं, एकानं गावं, बाकीच्यांनी खाली धरावं, म्हणजे गोष्ट समजेल. त्यातून ऑपेरा निघाला. सोंगं घेऊन, पडदे लावून, अख्खी गोष्ट गाऊन सांगायची.

मी शब्बीरच्या कानात म्हटलं, "हे आपलं सोंगी भजनच की बे."

पुढं तिनं ऑरेटोरिओ सांगितला. देवाधर्माची गोष्ट, तशीच गाऊन, पण सोंगं नाहीत, पडदा नाही. मी शब्बीरला म्हटलं, "आन हे कीर्तन. मधी बुवा बोलल्यावानी गातो आन पेटीवाला नुस्ता खाली सूर दाबून बसतो, तसं."

नाना आमच्या पुढच्याच ओळीत होते. उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मला असं वाटतं, ऑपेऱ्याची तुलना आपल्या सोंगी भजनाशी करता येईल आणि ऑरेटोरिओची नारदीय कीर्तनाशी."

पल्लवीचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर, नाना. हेच मी उद्या सांगणार होते."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. शब्बीर माझ्याकडं पाहून म्हणाला, "आप्पा, तुमचा माल त्येंच्या दुकानात गेला." नारदीय हा शब्द तेवढा त्यांचा होता.

पळापळीचं गाणं

दुसऱ्या दिवशी वाजवायचे प्रकार झाले. सोनाटा म्हणजे वाजवलेलं, कंटाटा म्हणजे गायलेलं, इतकं सोपं. सुईट म्हणजे नाचाच्या चालींची माळ, संथ, मग जलद, मग पुन्हा संथ. कन्चेर्टो म्हणजे एकटा एकीकडं आणि ताफा दुसरीकडं. ताफ्याचं पालुपद फिरून फिरून येतं आणि मधल्या जागेत एकटा आपली करामत दाखवतो. शब्बीर म्हणाला, "हे तर आमचं रोजचं हाय, मॅडम. नवरदेव घोड्यावरून उतरंपर्यंत मी एकटा, उतरला की सगळे." त्यानं क्लॅरिनेट काढून दाखवलंही. पल्लवी म्हणाली, हे वाद्य त्या काळात नुकतं कुठं जन्माला आलेलं, पण आपण चालवून घेऊ.

मग तिनं फ्यूग काढला. त्याचा अर्थ पळणं. एकानं ओळ घेऊन पळायचं, थोड्या वेळानं दुसऱ्यानं तीच ओळ घेऊन त्याचा पाठलाग करायचा, मग तिसऱ्यानं. करून बघू म्हणाली. एक लहानशी ओळ सारेगममध्ये शिकवली आणि म्हणाली, "आधी नाना, मग आप्पा."

मी म्हटलं, "मी मागून येणार न्हाई."

"आप्पा, यात मागं-पुढं असं काही नसतं."

"मग मला पुढं राहू दे की. आमी मुलाकडचे."

वर्ग हसला. नाना हात जोडून म्हणाले, "व्हा पुढं, व्याही. तुमचाच मान."

मी ओळ घेतली. आवाज माझा अजून खणखणीत आहे, आणि हॉल खरोखर चांगला घुमत होता. ओळ संपली. मागून नानांनी तीच ओळ धरली. आणि मला कळलं की मी पुढं काय गायचं ते विचारलंच नाही. तोंड उघडं राहिलं. थांबणं मला जमत नाही, म्हणून मी तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली. नाना मधे होते, मी सुरुवातीला. ते माझ्यामुळं अडखळले, मी त्यांच्यामुळं, आणि दोघांचं मिळून असं काही झालं की शब्बीरनं मान खाली घातली.

पल्लवी हसली नाही. म्हणाली, "पुढच्यानं आपली ओळ मागच्याला देऊन टाकायची असते, आप्पा. आणि आपण नवी घ्यायची. तुम्ही सोडतच नाही."

"आपली म्हणल्यावर कावून सोडायची?"

"तुमचीच राहते ती. फक्त आता त्यांच्या तोंडात असते."

मला ते पटलं नाही. नानांना पटलं. त्यांना तिचं सगळं पटतं, आणि ती तेवढ्यासाठीच त्यांच्या शेजारी बसून जेवते.

आकडे

तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की कार्यक्रमात एक सोनाटा वाजवायचा, तिघांचा. वर दोन आवाज, तिचं व्हायोलिन आणि शब्बीरचं क्लॅरिनेट. खाली पेटी. आणि त्या खालच्या आवाजाला नाव आहे कंटिन्यूओ. म्हणजे चालू राहणारं. ऑपेरा असो, कंटाटा असो, सोनाटा असो, वरचं सगळं बदलतं, खाली हे असतंच. ती म्हणाली, बरोकची सगळी इमारत याच्यावर उभी आहे.

फळ्यावर तिनं खालचे सूर काढले. ती ठिपक्यांची भाषा मला येत नाही. पण ठिपक्यांच्या खाली आकडे होते. सहा. पाच. सात. पुन्हा सहा. म्हणाली, पेटीवाल्याला सगळं लिहून देत नसत, फक्त खालचा सूर आणि हे आकडे. आकड्यावरून वरचे सूर त्यानं स्वतः भरायचे.

माझ्या अंगावर काटा आला. आकडे मला येतात. पेटीवाल्याला दुसरं काय येतं? काळी चार, पांढरी पाच, आमचं आयुष्य आकड्यांत गेलं. तिकडचे लोकही पट्टीला आकडेच लावतात म्हणजे ते आपल्यातलेच.

"पहिला खालचा सूर पांढरी एक," पल्लवी म्हणाली, "आणि आकडा आहे सहा. काय वाजेल?"

नाना बोटं मोजत होते. मी त्यांच्या आधी डाव्या बाजूची पांढरी एक दाबली आणि वर पांढरी सहा.

पल्लवी उभीच राहिली. "आप्पा, बरोबर. कसं कळलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "त्यात काय हाय."

नानांनी बोटं मिटली. तो त्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरायची घाईही नाही. शब्बीर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वस्ताद." चहा आला तेव्हा पहिला कप माझ्यासमोर आला. मी तो सावकाश प्यालो. सगळा हॉल मला उगाच मोठा वाटत होता.

चहानंतर ती म्हणाली, "आता खालचा सूर पांढरी पाच. आकडा तोच, सहा."

मी पांढरी पाच दाबली आणि वर पांढरी सहा. शेजारशेजारचे दोन सूर एकमेकांना चावले. मला वाटलं पट्टी दबली नाही, म्हणून जोरात दाबली. आणखी चावले. कॉलेजच्या मुलींनी तोंडावर ओढण्या धरल्या.

नानांनी बोटं मोजून सावकाश वरची पांढरी तीन दाबली. गोड लागली.

पल्लवी माझ्याजवळ येऊन खाली बसली. "आप्पा, तुम्हाला हा घराचा नंबर वाटला ना? तो नंबर नाही. खालच्या सुराला एक धरायचं आणि तिथून कितवं घर, ते. मघाशी खालचा सूर पांढरी एकच होता, म्हणून दोन्ही जुळलं."

म्हणजे मी बरोबर नव्हतोच. नंबर जुळला होता.

दुपारी तिनं वाटणी केली. आकडे भरायचे नानांनी. मी फक्त खालचा सूर धरायचा. एका वेळी एक पट्टी.

"एका बोटानं?" मी विचारलं.

"खालची ओळ आप्पा, तीच तर..."

"एका बोटानं मी तुला रांगत असताना वाजवून दाखवायचो."

"तिघांचा सोनाटा म्हणतात, पण त्याला माणसं चार लागतात," ती समजावत म्हणाली. "वरची दोन, आणि खालची दोघं मिळून एक."

"मी आन नाना मिळून एक?"

"हो. पत्रिकेत मी तसंच लिहिलंय. आप्पा, सांगा, आजोबाचं अनेकवचन काय?"

मी तिसरी शिकलेला. पण हे कोणालाही येईल. एक आजोबा, दोन आजोबा. शब्द तोच राहतो.

"आजोबाच," मी म्हटलं.

"मग?"

तिला वाटलं मी हसेन. नाना हसले. मला त्या व्याकरणाचा राग आला. मामा, काका, आजोबा, सगळे तसलेच. एकाचे दोन झाले तरी बाहेरून कळत नाही, आणि अर्धं नाव घेऊन आपण घरी जायचं.

पुन्हा मांजरसुंबा

चौथा दिवस एका बोटानं कसाबसा काढला. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पेटी लुगड्यात बांधली आणि दार ओढून निघालो. व्याहीणबाई सडा घालत होत्या. "पाहुणे, कुणीकडं?" म्हणाल्या. "बघून येतो जरा," म्हटलं. पेटी घेऊन कोण काय बघायला जातं, पण त्यांनी विचारलं नाही.

मांजरसुंब्याला उतरलो. बीडची गाडी यायची होती. ढाब्यावर बसलो, रबडी मागवली. घट्ट, वर सायीचे पापुद्रे. मी ती रागारागानं खात होतो, आणि रागानं खाल्ली तरी तिची चव कमी होत नव्हती. समोर सोलापूरकडचे ट्रक थांबत होते, जात होते.

आदल्या दोन्ही संध्याकाळी नाना त्यांच्या खोलीत आकड्यांचा सराव करत होते आणि मी भिंतीअलीकडं पडून ऐकत होतो. चुका धरायला ऐकत होतो. कुठं अडखळतात, कुठं पाच विसरून सहा घेतात, सगळं मोजत होतो. त्यांच्या चुकांच्या नादात आकडे मला पाठ झाले होते. रबडी खाताना माझं बोट टेबलावर खालचा सूर दाबत होतं आणि तोंडात आकडे येत होते. सहा. पाच. सात, आणि तिथं नाना अडखळणार. अडखळले.

बीडची गाडी आली. कंडक्टरनं घंटी हातात धरून विचारलं, "बाबा, येताय का?"

आणि मला एकदम सुचलं. मी घरी गेलो तर कार्यक्रम काही थांबणार नाही. पत्रिका तीच राहील, शब्दही तोच, आजोबा. फक्त त्याचं एकवचन होईल, आणि ते एकवचन नाना असतील. पुढं आयुष्यभर नेकनूरवाले ती पत्रिका दाखवतील आणि कोणी म्हणू शकणार नाही की यात दुसराही एक होता.

"न्हाई येत," मी म्हटलं आणि रस्ता ओलांडून नेकनूरच्या गाडीकडं गेलो. व्याहीणबाईंना एक डबा रबडी घेतली. काय बघून आलात म्हणून विचारलं असतं तर उत्तर पाहिजे होतं.

कार्यक्रम

हॉल भरला होता. बाजारचा दिवस, त्यामुळं आजूबाजूच्या वाड्यांतलीही माणसं आलेली. मी आणि नाना एका सतरंजीवर, दोन पेट्या शेजारी. त्यांची तिहेरी सुरांची, एक पट्टी दाबली की दुसरी आपोआप दबणाऱ्या कप्लरची, पॉलिश चकचकीत. माझी पेटी म्हातारी, पण भाता तिचा मऊ आहे. समोर पल्लवी उभी, आमच्याकडं पाठ करून, आणि तिच्या बाजूला इस्त्रीच्या सदऱ्यात शब्बीर.

पहिला भाग जलद. पळापळीचाच. पल्लवीची ओळ शब्बीर घेई, तोवर ती नवी धरे. लोक ताल द्यायला लागले. मला तर असं वाटलं की तिच्या पाठीला डोळे आहेत, कारण मी पट्टी बदलली की त्याच क्षणी तिचा गज वळायचा.

दुसरा भाग संथ. खालचे सूर लांब, एकेक सूर श्वासभर. आणि तिथंच नानांच्या डोक्यावरच्या पंख्यानं त्यांचा कागद उचलला. तो उडाला आणि माझ्या उजव्या गुडघ्यापाशी येऊन पडला.

नानांचे आकडे बंद पडले. वर फक्त व्हायोलिन, कारण शब्बीरला तिथं विसावा होता, मधे काहीच नाही, खाली माझी पांढरी पाच.

कागद माझ्या हाताच्या टप्प्यात होता. पण एक हात भात्यावर, एक पट्टीवर. कागद उचलायचा तर सूर मरणार, आणि सूर मेला तर पल्लवी अधांतरी. मी पट्टी सोडली नाही. पुढच्या सुरावर जायची वेळ झाली तरी गेलो नाही. भजनात बुवा शब्द विसरला की पेटीवाला असाच थांबतो, सूर धरून, बुवा सापडेपर्यंत.

पल्लवीनं मागं वळून पाहिलं नाही. तिला कळलं. त्या एका लांब सुरावर तिनं हरकती घ्यायला सुरुवात केली, फिरून फिरून, जणू ते तसंच लिहिलं होतं. बरोकमध्ये वाजवणाऱ्याला ही मुभा असते, तिनंच शिकवलं होतं.

नानांच्या कपाळावर घाम. ओठ न हलवता ते म्हणाले, "व्याही, कितवा?"

खरं सांगतो, चुकीचा आकडा माझ्या जिभेवर आला होता. सहाच्या जागी सात म्हटलं असतं तर ते सगळ्या नेकनूरसमोर चावले असते, मी परवा चावलो तसे. पण चावलं असतं तिच्या सुराला. तो सूर माझाही होता, तिच्या तोंडात असला तरी.

"सहा," मी म्हटलं. त्यांनी भरला. मी खालची पट्टी बदलली. "पाच. आता सात येतोय, तिथं तुमी चुकता, सांभाळा. सात."

ते चुकले नाहीत. मग शेवटपर्यंत मी आकडे पुटपुटत राहिलो आणि ते भरत राहिले. शेवटचा सूर तुटला आणि लोक उठून टाळ्या वाजवायला लागले.

मुख्याध्यापकांनी आभार मानले. नानासाहेबांनी या वयात ही अवघड परदेशी विद्या आत्मसात केली, असं म्हणाले. हार घातला. मग कागद पाहून म्हणाले, साथीला तलवाड्याहून आलेले पाहुणे. मला नारळ दिला. नानांनी हार गळ्यात घालून माझ्याकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या पाया पडायला आलं आणि ते तिकडं वळले.

संध्याकाळी नाना आणि पल्लवी मला गाडीला सोडायला आले. व्याहीणबाईंनी धपाटे बांधून दिले होते. मी पेटी सीटवर ठेवली आणि खिडकीशी बसलो. नाना मागं उभे राहून गाडीची पाटी वाचत होते, जणू नेकनूर-बीड त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

पल्लवी टाचा उंच करून खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "आप्पा, त्या संथ भागात तुम्ही सूर धरला नसता तर मी पडले असते. आणि आकडेही तुमचेच होते, मला ऐकू येत होते."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मी कानाला हात लावला.

"काय म्हणलीस, बाई? इंजिनाच्या आवाजात ऐकू न्हाई आलं. जरा मोठ्यानं."

ती माझ्याकडं बघत राहिली, मग तिला हसू आलं. आणि तिनं तेच सगळं पुन्हा, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, आकड्यांसकट. नानांनी पाटी वाचायची सोडून आमच्याकडं पाहिलं.

ऐकू तर मला पहिल्या वेळीच आलं होतं.